मावळच्या लेण्यांतील हत्ती : शब्द, शिल्प आणि निरीक्षण

कार्ले, भाजे आणि बेडसे या मावळातील तीन लेण्यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा काळ, त्यांतील ब्राह्मी लेख, त्यांना दान देणारे श्रेष्ठी, महारठी व यवन, तसेच घाटावरून जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग या विषयांचा परामर्श अनेक विद्वानांनी घेतलेला आहे. प्रस्तुत लेखकाचा या लेण्यांशी आलेला संबंधही मुख्यतः त्यांतील लेखांच्या भाषेपुरता मर्यादित होता. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन कार्ल्याच्या ओसरीत उभे राहावे, प्राकृत लेखांची अक्षरे लावावी, विभक्तिप्रत्यय समजावून सांगावे आणि परत फिरावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला होता. एकदा एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, "सर, या लेखात हत्तींचा उल्लेख आहे म्हणता, तर ते हत्ती कसे आहेत?" हत्ती आमच्यापासून चार पावलांवर होते. तथापि त्यांचे वर्णन करावयास मजजवळ शब्द नव्हते. ज्या वस्तूविषयीचा लेख आपण इतकी वर्षे वाचीत आलो, ती वस्तू आपण कधी पाहिलीच नाही, ही जाणीव सुखकारक खचितच नव्हती. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर होय.

प्रश्न असा मांडता येईल : मावळच्या शिल्पकाराने निसर्गातील प्राणी प्रत्यक्ष निरखून पाषाणात उतरविले, की परंपरेने हाती आलेले साचे केवळ गिरविले? या प्रश्नाचे उत्तर 'हे' किंवा 'ते' असे एका शब्दात देता येत नाही. भाषेच्या अभ्यासकाला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. कोणताही बोलणारा व्याकरण स्वतः निर्माण करीत नाही. ते त्याला परंपरेने मिळते. परंतु त्या व्याकरणाच्या चौकटीत तो जे सांगतो, ते त्याने स्वतः पाहिलेले, अनुभवलेले असू शकते. मावळच्या शिल्पांची गोष्ट अशीच आहे. त्यांची मांडणी बव्हंशी परंपरागत आहे, परंतु त्या मांडणीत वावरणारे देह मात्र डोळ्यांनी पाहिलेले आहेत.

प्रथम पाषाणाचा विचार करू. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. या थरांपैकी काही घट्ट, एकजीव बेसाल्टचे आहेत. काही थर सच्छिद्र व ठिसूळ असून दोन प्रवाहांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टाही आढळतो. मावळातील पावसाळा ज्याने पाहिला आहे, त्याला या भेदाचे महत्त्व सांगावयास नको. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. ठिसूळ थरात कोरलेले काम अशा पावसात टिकणे दुरापास्त होय. डोंगराच्या कोणत्या उंचीवर घट्ट खडक सलग मिळेल, पाणी कोठून झिरपेल, त्याला कोणीकडे वाट करून द्यावी, हे सर्व छिन्नी हाती घेण्यापूर्वीच ठरवावे लागे. लेण्यांजवळच्या पाण्याच्या टाक्या या ज्ञानाचीच साक्ष देतात. भाज्याच्या एका लेखात टाक्यासाठी 'पोढि' हा शब्द आला असून ते टाके महारठी विण्हुदत्ताचे दान असल्याचे त्यात म्हटले आहे. लेण्यांचे आणि गडांचे अभ्यासक हा शब्द 'पोढी' या रूपाने आजही वापरतात. तात्पर्य, निसर्गाचे निरीक्षण हे येथे प्राण्यापासून सुरू होत नाही. ते खडकापासून सुरू होते.

यानंतर परंपरेचा भाग लक्षात घेऊ. भाज्याचे चैत्यगृह या तिहींत सर्वांत जुने असून ते सामान्यतः इ. स. पू. दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्याचे २७ अष्टकोनी स्तंभ आतल्या बाजूस किंचित कललेले आहेत. लाकडी इमारतीत वरच्या कमानदार छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून खांब आत कलते ठेवावे लागतात. डोंगरात कोरलेल्या लेण्यात असा जोर येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण स्तंभ आणि छत हे एकाच खडकाचे भाग होत. तरीही भाज्याच्या कारागिराने खांब कलतेच कोरले. त्याने येथे निसर्गाकडे पाहिले नाही, लाकडी घराकडे पाहिले. कार्ल्यास येईपर्यंत हे स्तंभ सरळ उभे राहिले. तेथेही छताला लाकडी फासळ्या आहेतच. कार्ल्याच्या मुखभागावरील एका लेखात तर घराचे मुख धेनुकाकटाच्या सामी नावाच्या वढकीने, म्हणजे सुताराने, केल्याचे नमूद आहे. संस्कृत 'वर्धकि' पासून आलेला हा शब्द 'वाढई' या आडनावाच्या रूपाने विदर्भात आजही ऐकू येतो. पाषाणाच्या कामावर सुताराचे नाव असावे, ही गोष्ट या कलेची परंपरा कोणत्या मार्गाने आली हे पुरेसे स्पष्ट करते.

आता हत्तींकडे वळू. कार्ल्याच्या ओसरीच्या दोन्ही टोकांच्या भिंतींत, तळाशी, प्रत्येक बाजूस तीन असे भव्य हत्ती कोरलेले आहेत. त्यांचे पुढचे अंग तेवढे भिंतीतून बाहेर आलेले दिसते : मस्तक, कान, सोंड आणि पुढचे पाय. त्यांच्या पाठीवर, असे म्हणावयास हरकत नाही, मजल्यांवर मजले असलेल्या प्रासादाची शिल्पित दर्शनी भिंत उभी आहे. येथील एका लेखात भदंत इंददेव या थेराच्या दानाची नोंद असून त्यात 'हथि' हा शब्द येतो. हत्तींबरोबरच त्यांच्या वरची आणि खालची 'वेयिका', म्हणजे वेदिका अथवा कठडा, हीही त्याच दानात समाविष्ट आहे. 'हस्तिन्' या संस्कृत शब्दातील 'स्त' चे प्राकृतात 'त्थ' झाले आणि 'हत्थि' हे रूप सिद्ध झाले. तत्कालीन ब्राह्मी लेखनात द्वित्त व्यंजन लिहिण्याचा प्रघात नव्हता, म्हणून लेखात ते 'हथि' असे दिसते. यातूनच पुढे महाप्राण लोपून मराठीतील 'हत्ती' आला. म्हणजे जो शब्द मावळातील शेतकरी आज उच्चारतो, त्याच शब्दाचे पूर्वरूप सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याच डोंगरात कोरले गेले. शब्दाची ही अखंडता पाहून आम्ही भाषाभ्यासक संतोष पावतो आणि तेथेच थांबतो. परंतु ज्या हत्तीला हा शब्द लावला, त्याच्याकडेही पाहिले पाहिजे.

तो पाहताना प्रथम जाणवतो तो कपाळाचा उंचवटा. आशियाई हत्तीच्या मस्तकावर मध्ये खोलगट असलेले दोन गोलाकार उंचवटे असतात. संस्कृत ग्रंथकार त्यांस 'कुंभ' म्हणत. आफ्रिकेतील हत्तीचे कपाळ असे द्विभागलेले नसते. कार्ल्याच्या हत्तींचे हे कुंभ स्पष्ट कोरलेले आहेत. दुसरी गोष्ट सुळ्यांची. सुळ्यांच्या जागी खोबणी आहेत, म्हणजे सुळे निराळे करून बसविण्याची योजना होती. सुळा हा हत्तीच्या देहाचा भाग असला तरी त्याचा पदार्थ निराळा, त्याचा रंग निराळा आणि तो बाहेर झेपावणारा, ही जाण या योजनेत आहे. एकसंध खडकातून बाहेर आलेला दगडी सुळा सहज मोडला असता, हेही व्यावहारिक शहाणपण त्यात आहेच.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट भाराची. पूर्ण वाढलेल्या नर हत्तीचे वजन चार-पाच टन असते. असा प्राणी घोड्याप्रमाणे उधळत नाही, उडी तर मारूच शकत नाही. त्याचे पाय खांबांप्रमाणे सरळ असून देहाचा भार हाडांच्या उभ्या रचनेवर तोलला जातो. शिल्पकाराला एका प्रचंड दर्शनी भिंतीचा पाया दाखवावयाचा होता. त्यासाठी त्याने भार पेलणारा प्राणी निवडला आणि त्याचे जे अंग भार पेलते तेच पुढे आणले. मागचे शरीर खडकातच राहिले, परंतु ते तेथे आहे याविषयी पाहणाऱ्याला शंका येत नाही. याला नुसती नक्कल म्हणता येणार नाही. प्राण्याच्या शरीराचा धर्म ओळखून त्याचा वास्तूच्या धर्माशी घातलेला हा मेळ होय. येथे एक शाब्दिक योगायोगही नमूद करण्यासारखा आहे. कार्ल्याच्या लेखांत स्तंभाला 'थभो' म्हटले आहे. मराठीतील 'खांब' हा वैदिक 'स्कम्भ' पासून आला. 'स्तम्भ' या शब्दाची मूळ धातुसंतती मात्र आपल्या 'थांबणे' या क्रियापदात नांदते आहे. ओसरीतील ते सहा हत्ती 'थभो' आणि 'थांबणे' या दोन्ही अर्थांनी उभे आहेत.

आत चैत्यगृहात गेल्यावर दुसऱ्या तऱ्हेचे हत्ती दिसतात. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब असून त्यात ३७ स्तंभ आहेत. त्यांपैकी दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा स्तंभ अलंकृत आहेत आणि स्तूपामागचे सात साधे अष्टकोनी आहेत. अलंकृत स्तंभाचा तळ पाण्याच्या घटाच्या आकाराचा, मधला भाग अष्टकोनी, त्यावर घंटाकृती शीर्ष आणि त्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी, अशी रचना आहे. मधल्या दालनाच्या बाजूस गुडघे टेकून बसलेले हत्ती असून प्रत्येक हत्तीवर दोन स्वार आहेत. हे स्वार बहुधा स्त्री-पुरुष, क्वचित दोन्ही स्त्रिया असतात. बाजूच्या अरुंद मार्गाकडे घोडे आणि वाघांसारखे प्राणी आहेत.

पाठीला पाठ लावलेल्या प्राण्यांचे शीर्ष ही कल्पना येथे जन्मलेली नाही. तिचा धागा मौर्यकालीन स्तंभांकडे आणि त्यापलीकडे इराणातील पर्सेपोलिसच्या प्रासादाकडे जातो. तेथील स्तंभशीर्षांवर बैल आहेत, सिंह आहेत, काल्पनिक प्राणी आहेत. आरामात बसलेल्या जोडप्याला पाठीवर घेऊन विसावलेला हत्ती तेथे नाही. हत्ती बसताना पुढचा पाय ज्या सांध्यात दुमडतो, त्याला आपण गुडघा म्हणतो, परंतु शरीररचनेच्या दृष्टीने तो मनगटाचा सांधा होय. हत्ती खरा गुडघा वाकवितो तो मागच्या पायाचा. हे ज्ञान पुस्तकी स्वरूपात शिल्पकाराजवळ असण्याचे कारण नाही. परंतु स्वार चढविण्यासाठी हत्तीला बसविताना त्याने पुष्कळदा पाहिले असावे. बोरघाटातून जाणाऱ्या मार्गावर वसलेल्या प्रदेशात, जेथे महारठी दानशूर होते आणि नाशिक, वैजयंती व धेनुकाकट येथील धनिक येत-जात होते, तेथे माणसाळलेला हत्ती हे अपरिचित दृश्य नसावे, असे अनुमान करावयास हरकत नाही.

याच्या उलट उदाहरणही कार्ल्यातच उपलब्ध आहे. लेण्यासमोर डाव्या हातास उभ्या असलेल्या स्तंभावर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेले आहेत. तेथील लेखात त्यास 'सिहथभो' म्हटले असून तो गोतिपुत्र महारठी अगिमित्रणक याचे दान आहे. उजव्या बाजूस याचाच जोडीदार स्तंभ असावा आणि त्याच्या जागी आज एकवीरेचे मंदिर आहे, असे मानले जाते. सारनाथचा अशोकस्तंभ ज्याने पाहिला किंवा चित्रात पाहिला असेल, त्याला या सिंहांचे कुळ तत्काळ ओळखता येईल. या सिंहांचा आधार सिंह नसून आधीचा सिंहस्तंभ आहे. ते रुबाबदार आहेत, पण त्यांच्या शरीरात भार, श्वास वा हालचाल यांची ती खूण जाणवत नाही, जी आतल्या हत्तींत जाणवते. एकाच काळात, एकाच डोंगरावर, एका प्राण्याला परंपरेचा डोळा लागला आणि दुसऱ्याला माणसाचा.

बेडशास पूर्वाभिमुख चैत्यगृहाच्या ओसरीत हाच फरक आणखी सूक्ष्म रूपाने दिसतो. तेथील उंच स्तंभांच्या शीर्षांवर हत्तींबरोबर घोडे आणि बैल आहेत व त्यांवर स्त्री-पुरुष आरूढ झालेले आहेत. मांडणी तीच, पण प्राणी बदलताच शरीराची घडण बदलते : हत्तीची गोलाई घोड्यात नाही, घोड्याचा ताठ मानेचा बाक बैलात नाही. साचा गिरविणारा कारागीर एकाच धडावर निरनिराळी मुंडकी बसवितो. येथे तसे झालेले नाही.

भाज्याच्या विहारातील शिल्पपट हे या विवेचनातील सर्वांत अवघड उदाहरण होय. एका बाजूस चार घोड्यांच्या रथात बसलेली, सूर्य म्हणून ओळखली जाणारी आकृती आहे. दुसऱ्या बाजूस विशाल हत्तीवर आरूढ पुरुष आहे. त्याला कोणी इंद्र मानतात, तर कोणी मांधाता. या हत्तीने सोंडेने एक झाड मुळासकट उपटून उंच धरले आहे. हत्तीच्या मानाने खालची माणसे आणि झाडे अगदी लहान आहेत. हे प्रमाण निसर्गातील नव्हे, कथेतील आहे. तथापि झाड उपटणे ही क्रिया मात्र रानातील हत्तीची नित्याची क्रिया होय. कल्पनेने हत्तीला डोंगराएवढा केला, परंतु त्याला करावयास लावले ते हत्तीचेच काम. याच विहारात स्त्रीचे धड आणि पशूचे शरीर असलेल्या संमिश्र आकृतीही आहेत. अशा आकृतींतही जोड काल्पनिक असला तरी जोडलेले भाग पाहिलेले असतात. निरीक्षण हे कल्पनेच्या विरुद्ध नसते, ते तिला साहित्य पुरविते.

येथे कामाच्या पद्धतीचाही विचार केला पाहिजे. मातीत वा मेणात काम करणारा शिल्पकार भर घालतो, चुकले तर काढतो, पुन्हा घालतो. त्याचा नमुना त्याच्या समोर उभा राहू शकतो. विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांनी पुण्यासाठी घडविलेला, १९२८ साली उभारलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा किंवा सासवणे येथील त्यांच्या संग्रहालयातील जनावरांची शिल्पे पाहिली म्हणजे समोरचे जनावर निरखून केलेल्या कामाचे स्वरूप ध्यानात येते. मावळच्या पाथरवटाला ही सोय नव्हती. खडकातून फक्त काढता येते, घालता येत नाही. काम वरून खाली सरकते आणि एक टवका अधिक निघाला तर तो परत बसत नाही. डोंगराच्या कड्यावर हत्ती आणून उभा करणेही शक्य नव्हते. म्हणून त्याला हत्ती आधी पूर्णपणे डोळ्यांत साठवावा लागे. आठवणीतून काढलेला हत्ती जर इतका भारदस्त उतरतो, तर पाहताना तो किती एकाग्रतेने पाहिला गेला असेल, याची कल्पना करावी.

आता या शिल्पकाराच्या नावाचा प्रश्न. कार्ल्याचे लेख वाचताना एक व्याकरणविशेष लक्षात येतो. दात्याचे नाव बहुधा षष्ठीत असते आणि त्यापुढे 'दानं' हा शब्द येतो : अमक्याचे दान. सुतार सामीचे नाव मात्र तृतीयेत आहे आणि त्यापुढे 'कृ' धातूचे रूप येते : सामीने केले. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचेही नाव तृतीयेत असले, तरी तेथील क्रियापद 'परिनिठापितं' हे प्रयोजक आहे. त्याने शैलगृह, लेखाच्या शब्दात 'सेलघर', पूर्ण करविले. देणारा, करविणारा आणि करणारा हे तीन भेद प्राकृत भाषेने इतक्या काटेकोरपणे जपले आहेत. देणाऱ्यांची नावे पुष्कळ, करविणाऱ्याचे एक, करणाऱ्याचेही जवळजवळ एकच. हत्तींच्या बाबतीत भदंत इंददेवाची षष्ठी आपल्याजवळ आहे. ज्याने हत्ती केले त्याची तृतीया लेखात नाही.

ती शोधावयाची झाल्यास हत्तींतच शोधली पाहिजे. कुंभांच्या खोलगटीत, दुमडलेल्या पायात, भार घेऊन स्थिर झालेल्या खांद्यात त्या अनामिकाने काय पाहिले होते ते नोंदलेले आहे, आणि ती नोंद अक्षरांपेक्षा कमी विश्वसनीय नाही. ती झिजू शकते, हे मात्र खरे. पावसाने झिजते, शेवाळाने झिजते, आणि स्वतःचे नाव कोरण्याच्या हौसेने येणाऱ्या प्रेक्षकांच्या हातून तर ती अधिकच झिजते. ज्याने नाव कोरले नाही त्याच्या कामावर आपले नाव कोरावे, यासारखा विपर्यास दुसरा कोणता?

अलीकडे विद्यार्थ्यांना घेऊन जाताना मी क्रम बदलला आहे. कार्ल्याचे मुख पश्चिमेकडे असल्यामुळे दुपार कलल्यावर उजेड ओसरीत तिरपा येतो आणि उठाव स्पष्ट दिसतात. तेव्हा प्रथम अर्धा तास कोणीही लेखाकडे पाहावयाचे नाही, केवळ हत्ती पाहावयाचे, आणि जे दिसेल ते आपल्या मराठीत लिहावयाचे, असा नियम केला आहे. त्यानंतर 'हथि' हा शब्द वाचला म्हणजे तो नुसता शब्द राहत नाही. ज्या विद्यार्थिनीने मला तो प्रश्न विचारला होता, तिच्या प्रश्नाचे उत्तर आता नवीन विद्यार्थी वहीत लिहून आणतात. त्यांतील काही उत्तरे माझ्या या लेखाहून सरस आहेत, हे येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.